डॉक्टरांची गाडी

येत्या आषाढात आमच्या घरच्या फियाट गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आहे. जाहीरपणे सांगावी एवढी ही गोष्ट मोठी नाही, हे आम्हांस कळते. परंतु या गाडीचे पुढे काय करावयाचे याविषयी आमच्या घरात गेले दोन महिने जो वाद चालू आहे, तो आमच्या एकट्याच्या घरातला नसावा. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या पडवीत, रिकाम्या गोठ्यात किंवा ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असेल आणि तिच्या मालकासमोरही हाच प्रश्न असेल. म्हणून या वेळचे सदर आम्ही तिलाच दिले आहे.

गाडी १९६८ सालची. फियाट ११००. आमचे वडील सौसरला डॉक्टर होते. नाव नोंदवून पाच वर्षे वाट पाहिल्यावर नागपूरच्या विक्रेत्याकडून ती त्यांच्या हाती आली. पाच वर्षे हा आकडा ऐकून आजची मुले हसतात. त्यांना वाटते, आजोबा फारच चिकित्सक असतील, रंग ठरत नसेल. रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता, मिळेल तो रंग आपला. कलकत्त्याकडची अँबॅसडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड एवढ्यांतच देशाची निवड संपत असे, आणि ज्याची पाळी येई तो पेढे वाटत असे.

सौसरचा माणूस गाडी घेण्यास छिंदवाड्याला न जाता नागपुरास का गेला, हे या भागाबाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या मध्यप्रांताची राजधानी. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सीमा आली, पण माणसांचे पाय जुन्याच वाटेने चालत राहिले. लग्नाचा बस्ता नागपूरचा, मोठे दुखणे नागपूरचे, संत्र्याची बाजारपेठ नागपूरची आणि गाडीचा सुटा भागही नागपूरचाच. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून आमचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी यात फरक पडलेला नाही.

ही गाडी ज्या कारखान्यातून आली त्याची कथा मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तीनही वस्तू हिंदुस्थानात तयार होतील असा ध्यास घेतला होता. परकी सरकारास मोटारीची कल्पना मुळीच रुचली नाही. तरीही १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, कुर्ल्यास कारखाना उभा केला, आणि देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तेथून मोटारी जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. वालचंदशेठ १९५३ साली गेले. फियाट ११०० चे सारे वैभव त्यांच्या पश्चातले. १९७४ च्या सुमारास तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, पण आमच्याकडे कोणी पद्मिनी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

या गाडीचा सर्वांत थोर मालक कोण, असे विचाराल तर आम्ही लालबहादूर शास्त्रींचे नाव घेऊ. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी १९६४ सालची फियाट घेतली. किंमत बारा हजारांच्या घरात. तेवढे पैसे नव्हते, म्हणून पाच हजारांचे कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज शिल्लक होते, आणि ते पुढे ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीस त्यांच्या स्मारकात उभी आहे. वर्गात ही हकीकत सांगितली की मुले गप्प होतात, आणि मग एखादा हळूच विचारतो, “सर, तुमच्या गाडीवर कर्ज होतं का?” होते.

आमच्या वडिलांच्या गाडीला गावात ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणत. वडील जाऊन अठरा वर्षे झाली, आम्ही डॉक्टर नव्हे तर मास्तर, तरीही आठवडी बाजारातून जाताना म्हातारी माणसे आजही ‘डॉक्टरांची गाडी आली’ असेच म्हणतात. ती केवळ आमच्या घरची कधी नव्हतीच. खेड्यांकडे जाणाऱ्या वाटा तेव्हा मुरमाच्या. पावसाळ्यात त्याही नव्हत्या. अडलेली बाळंतीण, साप चावलेला सालदार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत डोके फुटलेला जवान, हे सारे या गाडीच्या मागच्या बाकावर बसून, बहुधा आडवे पडून, गेलेले आहेत. त्या बाकाचे रेक्झिन वडिलांनी तीनदा बदलले. कशामुळे, ते सांगावयास नको. एक मूल तर नागपूरच्या वाटेवर त्या बाकावरच जन्मले. ते मूल आज पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ आहे, त्याची संत्र्याची बाग आहे, आणि दर मृगबहाराला संत्र्यांची एक पेटी तो ‘गाडीसाठी’ म्हणून पाठवतो. गाडी संत्री खात नाही, ती आम्ही खातो. पण पेटीवर नाव तिचे असते.

शनिवारी मात्र गाडी जामसांवलीची. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तो मारुती पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, जाम नदीच्या परिसरात, पिंपळाच्या झाडाखाली, मारुतीची ही भव्य मूर्ती उभी नसून पहुडलेली आहे. पूर्वी ती उभी होती. मूर्तीखालचे धन काढण्यास चोर आले तेव्हा देव आडवा झाला, असे गावकरी सांगतात. आता तेथे हनुमान लोकाचे मोठे काम निघाले आहे, शनिवार-मंगळवारी नागपूरपासूनच्या गाड्यांची रांग लागते. आमच्या आईचा तेथे शनिवारचा नेम आहे. लग्न होऊन आल्यापासून आजतागायत, म्हणजे साठ वर्षे. १९६८ पर्यंत ती बैलगाडीने जाई. पुढे ही गाडी. आईचे वय आज त्र्याऐंशी आहे. आजच्या उंच गाड्यांत तिला चढता येत नाही आणि बसक्या गाड्यांतून उठता येत नाही. फियाटचे बाक नेमके तिच्या गुडघ्यांच्या उंचीचे आहे. आमच्या घरच्या वादाचे एक टोक या उंचीला बांधलेले आहे, हे पुढे दिसेल.

जुनी गाडी बाळगणे म्हणजे काय, हे न बाळगणाऱ्यास सांगून कळत नाही. त्याला वाटते, ही हौस आहे. हौस फार तर पहिली दोन वर्षे असते. त्यानंतर ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे पथ्यपाणी होऊन बसते. फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. त्यात संगणक नाही, अक्कल चालवील अशी एकही पेटी नाही. सारी अक्कल चालवणाऱ्याकडे आणि वस्तादाकडे असावी लागते. गिअरचा दांडा चाकाच्या बुडाशी, उजव्या हाताने चाक धरून डाव्या हाताने वरखाली करावयाचा. त्याच्या जोडकामातल्या बुशा झिजल्या की दुसरा गिअर पडता पडत नाही. ठिणगी पाडणारे पॉइंट काही महिन्यांनी घासावे लागतात आणि त्यांतली फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवावी लागते. आमचे वडील शस्त्रक्रियेच्या चिमट्याने हे काम करीत. पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर महिन्यास ग्रीस द्यावे लागते. ते चुकले की चाक सैल होते आणि गाडी रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागते. मागे पाटे आहेत, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. सिलेवानीच्या घाटातून उतरताना त्या ब्रेकांवर पाय ठेवून बसणाऱ्याचे ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणून ज्या गिअरवर चढावे त्याच गिअरवर उतरावे, हा वडिलांचा नियम आम्ही अजून पाळतो.

आणि उन्हाळा! आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच जोडलेला आहे. इंजिन तापले की पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा पातळ पदार्थ ओढण्यासाठी केलेला, त्याला वाफ ओढता येत नाही. गाडी भर दुपारी, जेथे झाड नाही नेमकी तेथे, उभी राहते. नवखा मालक अशा वेळी सेल्फ मारमारून बॅटरी संपवतो. जाणता मालक बॉनेट उघडतो, पंपावर ओले फडके टाकतो, आणि तांब्यातले उरलेले पाणी पिऊन दहा मिनिटे स्वस्थ बसतो. गाडी आपण होऊन चालू होते. आमच्या गाडीत या कामासाठी आईच्या जुन्या नऊवारीचा एक तुकडा कायम ठेवलेला असतो, आणि त्याला दुसरे कोणी हात लावलेला तिला खपत नाही.

आमचे वस्ताद सत्तरीकडे झुकले आहेत. वडिलांच्या काळी ते पाने पुसणारे पोरगे होते. ते लिहिणे-वाचणे बेताचेच जाणतात, पण इंजिनवर पान्याचे एक टोक टेकवून दुसरे कानाशी धरतात आणि कोणता टॅपेट वाजतो ते सांगतात. आम्ही मराठीचे एम.ए., म्हणून एकदा हौसेने त्यांना कारबुरेटरसाठी कोशातला प्रतिशब्द सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, मी तसं म्हटलं तं नागपूरचा दुकानदार मले काय देईन, सांगा?” परिभाषेवरचा याहून नेमका अभिप्राय आम्ही कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेला नाही. त्यांच्या दोन्ही मुलांनी नव्या गाड्यांच्या कार्यशाळांत नोकऱ्या धरल्या. तेथे यंत्राला तार जोडली की दोष पडद्यावर उमटतो. फियाटला तार जोडण्यास जागाच नाही. म्हणजे वस्तादांचे हात थांबतील त्या दिवशी ही विद्या आमच्या तालुक्यातून गेली म्हणून समजावे.

सुट्या भागांचे तर आणखी निराळे. पुष्कळांचा समज असा की जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत कारण कारखाना बंद झाला. तसे नाही. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभालाच थांबले. त्यानंतरही वीस वर्षे आम्हांस ब्रेकची रबरे, क्लचच्या प्लेटी, फॅनचे पट्टे, हेडची गॅस्केटे बिनतक्रार मिळत होती. ती आमच्यासाठी होत नव्हती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीसाठी होत होती. मुंबईत हजारोंनी धावणाऱ्या त्या टॅक्सींना रोज काही ना काही लागे, म्हणून लहान लहान कारखाने ते भाग करीत आणि त्यांतले चार शिंतोडे नागपूरमार्गे आमच्यापर्यंत पोहोचत. सौसरची डॉक्टरांची गाडी खरे पाहता मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगत होती, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. २००८ साली तिकडे टॅक्सीस पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३ साली ती वीस वर्षांवर आणली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वृत्तपत्रांनी त्या दिवशी आठवणींचे पूर वाहवले. आमच्या वस्तादांनी बातमी ऐकली आणि त्याच आठवड्यात नागपूरला माणूस पाठवून मिळतील तेवढी ब्रेकची किटे आणवली. त्यांना बातमीचा अर्थ संपादकांहून आधी कळला.

पेट्रोलचाही घास बदलला आहे. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा हेड उघडून व्हॉल्व्हच्या बैठका बदलून घेतल्या, त्यावर निभावले. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूस बाधतो, तेव्हा त्या बदलाविरुद्ध आमच्या तोंडून शब्द निघणे शक्य नव्हते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे मद्य उसापासून, तांदळापासून आणि मक्यापासून होते, आणि आमचा छिंदवाडा तर मक्याचाच जिल्हा. म्हणजे आमच्याच शेजाऱ्याच्या शेतातले कणीस आमच्या गाडीच्या टाकीत येते आणि तिला बाधते, असा हा संसार आहे. जुन्या गाडीतले रबर इथेनॉलने फुगते, मग मऊ पडते. पंपातला पडदा, नळ्या, वॉशर एकामागून एक जातात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज धरू लागतो. गेल्या पावसाळ्यात गाडी तीन वेळा अडली तेव्हा वस्ताद म्हणाले, “गाडीले काई नाई झालं गुरुजी. तिले हे पेट्रोल पचून नाई राह्यलं.” मग पंपाचा पडदा आणि साऱ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसविल्या, कारबुरेटरचा जेट किंचित मोठा केला, आणि आठवड्यातून एकदा तरी वीसपंचवीस किलोमीटर गाडी फिरलीच पाहिजे असा दंडक घातला. शनिवारची जामसांवलीची खेप नेमकी याच मापाची आहे. पथ्य आणि नेम एकाच दिवशी साधतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९८८ च्या मोटार कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून, तपासून घेऊन ती वाढवावयाची. २०२१ साली आम्ही ती वाढवून घेतली तेव्हा शुल्क सहाशे रुपये होते. २०२२ च्या एप्रिलपासून ते पाच हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील मोटारीस दहा हजार झाले. विमा आणि धुराचे प्रमाणपत्र वेगळे. हा एक मार्ग.

दुसरा मार्ग २०२१ च्या जुलैमध्ये खुला झाला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीस वीस हजार शुल्क, मुदत दहा वर्षे, मुदत संपली की पाच हजारांत पुढे चालू. आधी नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक राखता येतो. दर पाच वर्षांची यातायात नाही. अशा गाड्यांना पूर्वी कायद्यात स्वतंत्र स्थानच नव्हते, तेव्हा नियम करणाऱ्यांचे आम्ही आभारच मानले पाहिजेत. परंतु त्यात एक अट आहे. अशी गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरीस, तांत्रिक संशोधनास, पेट्रोल भरण्यास किंवा दुरुस्तीस न्यावयाची, आणि परत आणून उभी करावयाची. मारुतीच्या दर्शनाचा उल्लेख त्या यादीत नाही.

हे आम्ही घरी वाचून दाखवले तेव्हा पुण्यास नोकरी करणारे आमचे चिरंजीव आलेले होते. त्यांचे मत स्पष्ट आहे. ते म्हणाले, “बाबा, व्हिंटेज करून टाका. तिला मान मिळेल, किंमत येईल. आजीसाठी आपण दुसरी गाडी घेऊ.” नागपूरच्या एका हौशी गृहस्थांचा निरोप त्याच सुमारास आला होता, गाडी मूळ रंगात आणि मूळ इंजिनसह असल्यास ते जी रक्कम देऊ करतात ती आमच्या सहा महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे निराळे. त्यांनी गाडीवरच्या खर्चाची वही ठेवलेली आहे. गेल्या तीन वर्षांची बेरीज त्यांनी मोठ्याने वाचली आणि आणखी काही बोलल्या नाहीत. बेरीज येथे छापत नाही.

आई सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “पन्नास वर्षांपुढचं सगळं नुसतं दाखवायला ठेवायचं असं सरकारनं ठरवलं असेल, तर मलाही काचेत ठेवा. माझी नोंदणी कुठे करायची तेवढं विचारून ये.”

चिरंजीव हसले. आम्हांस मात्र त्या दिवशीपासून हा प्रश्न नीट दिसू लागला. ‘मूळ रूपात’ म्हणजे काय? आमच्या गाडीत आज मूळचे काय आहे? पत्रा बराचसा, इंजिनचा ठोकळा, चाक, समोरचे तीन घड्याळांपैकी दोन. बाक तीनदा बदललेले, पंपाचा पडदा परवाचा, रंग चौथा. आजीच्या गोधडीत पहिल्या लुगड्याचा एखादा चौकोन उरतो, बाकी सारे ठिगळ. तरी ती गोधडी तीच, कारण ती अजून कोणाच्या तरी अंगावर आहे. क्यूबा देशात १९५९ च्या क्रांतीनंतर नव्या अमेरिकन गाड्या येणे थांबले. तेथील लोकांनी जुन्या गाड्यांत रशियन इंजिने बसवली, हाताने भाग घडवले, आणि हवानाच्या रस्त्यांवर त्या आजही प्रवासी नेतात. संग्राहकाच्या हिशेबी त्या भ्रष्ट झाल्या. आमच्या हिशेबी त्या जिवंत आहेत. ब्रिटनने तिसरीच रीत काढली आहे. तेथे चाळीस वर्षांवरच्या गाडीत मोठा फेरफार नसेल तर तिला २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ, रस्त्याचा करही माफ. आणि रोज वापरण्यास मनाई नाही. सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाची.

आमच्या नियमांमागे विचार नाही असे आम्ही म्हणणार नाही. धूर खरा आहे. आमच्या गाडीच्या धुराड्यात तो शुद्ध करणारी पेटी नाही, आणि एका नव्या गाडीपेक्षा ती कितीतरी अधिक घाण हवेत सोडते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी शिक्षकदालनात आम्हांस ऐकवलेले आहे. दिल्लीसारख्या शहरात हजारो जुन्या गाड्या रोज धावल्या तर काय होईल, हे सांगण्यास विज्ञानाचा शिक्षकही नको. परंतु आठवड्यास पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या आणि दर पाच वर्षांनी तपासून घेतल्या जाणाऱ्या गाडीस तोच न्याय लावावा काय? शुल्क वाढवून सरकारने आम्हांस ‘विचार करा’ असे म्हटले आहे. ‘बंद करा’ असे अजून म्हटलेले नाही. जोवर म्हटले नाही तोवर मार्ग मोकळा आहे.

नागपूरच्या गृहस्थांस आम्ही नम्रपणे नकार कळवला. ते सज्जन आहेत. त्यांच्याकडे गाडी आमच्यापेक्षा अधिक चकचकीत राहिली असती यात शंका नाही. पण त्यांच्या दालनातून तिला वर्षातून एकदा, जानेवारीत, फुलांची माळ घालून फिरवले असते, आणि बाजारातल्या म्हातारीस तेथे ‘डॉक्टरांची गाडी आली’ म्हणण्याचे कारण पडले नसते. व्हिंटेजचा अर्जही आम्ही बाजूस ठेवला आहे; फाडलेला नाही. आईच्या शनिवारांची संख्या आमच्या हातची नाही, आणि वस्तादांच्या हातांचीही नाही. तो अर्ज कधीतरी भरावा लागेल हे घरात सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी कोणी बोलत नाही. तूर्त पंचवीस क्रमांकाचा साधा नमुना भरला आहे, दहा हजार रुपये वेगळे काढले आहेत, आणि सौभाग्यवतींनी ते वहीत वेगळ्या पानावर लिहिले आहेत. चिरंजीवांनी पुण्यास परत जाताना काही न बोलता वस्तादांच्या दुकानी दोन तास घालवले. पॉइंटची फट कशी बघावी ते ते शिकून गेले, असे वस्तादांकडून कळले.

तपासणीपूर्वी करावयाच्या कामांची यादी वस्तादांनी तोंडी सांगितली, आम्ही लिहून घेतली. ब्रेकच्या चारही चाकांची रबरे, हँडब्रेकची तार, पुढच्या काचेचे वायपर, हॉर्न, डाव्या दाराखालचा सडलेला पत्रा. त्यांपैकी पत्र्याचे काम झाले, तार पांढुर्ण्यास मिळाली, रबरे घरात आहेतच. अडले आहे ते मागच्या डाव्या दिव्याच्या लाल काचेपाशी. नागपूरची सारी दुकाने पालथी घातली; जी मिळते ती पुढच्या सालच्या पद्मिनीची, तिचे स्क्रू जुळत नाहीत. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या अडगळीत फियाट ११०० ची ही काच पडून असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे. तडा गेलेली असली तरी चालेल. किंमत आणि टपालखर्च आम्ही देऊ, आणि मृगबहाराची संत्री वेगळी.